मापाडी मामा आणि बदनापूरचे हात

मापाडी मामांना कुणी नमस्कार केला, तर ते आधी मागे वळून बघायचे. मागे दुसरं कुणी नाही, म्हणजे नमस्कार आपल्यालाच आहे, एवढी खात्री झाली की पुढचा संशय सुरू व्हायचा. आजच का केला असेल? काल का नाही केला? मग अर्धवट हात वर करून ते पुटपुटल्यासारखं "राम राम" म्हणायचे. जणू पावतीवर सही करतायत, पण मजकूर अजून वाचायचा आहे.

दिवसभर ते जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, पोत्यांचं माप करायचे. आधी हमाल होते, पाठ धरायला लागल्यावर काट्यावर आले. मोंढ्यामागे एका बंद पडलेल्या जिनिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची व्यायामशाळा होती. सकाळी सहा ते साडेआठ मुलींसाठी, संध्याकाळी मुलांसाठी. नव्वदीच्या दशकातल्या मधल्या वर्षांची ही गोष्ट. आमच्या कॉलेजच्या खेळाच्या सरांनी आम्हा चार मुलींना पॉवरलिफ्टिंगसाठी तिथे पाठवलं, तेव्हा मामांनी आमच्याकडे न बघता सरांना विचारलं, "किती दिवस येतील?" सर म्हणाले, वर्षभर. मामा म्हणाले, "बरं. चार दिवसांनी सांगा."

आमचाही त्यांच्यावर विश्वास नव्हता, हे कबूल करायला हवं. पहिल्याच दिवशी हा टोपीवाला माणूस म्हणतो, "हात दाखवा." आम्ही चौघी एकमेकींकडे बघायला लागलो. मी बदनापूरहून सकाळच्या पॅसेंजरने एकटी येणारी मुलगी. अनोळखी माणसाला हात कशाला दाखवायचा, हा प्रश्न माझ्या तोंडावर स्पष्ट लिहिलेला असणार. मामांनी तो वाचला. खिडकीखालच्या लाकडी खोक्याकडे बोट करून म्हणाले, "हात तिथं ठेवा. उजेडात. मी दुरून बघतो." आणि खरंच हातभर अंतरावर उभे राहून, कानावरची पेन्सिल काढून, तिच्या टोकाने हवेतल्या हवेत आमचे तळवे तपासले. पुढच्या दोन वर्षांत त्या माणसाने आमच्या एकीच्याही बोटाला बोट लावलं नाही.

हे रोज चालायचं. व्यायामाच्या आधी आणि नंतर. आमची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. मोंढ्यात पोतं ज्या गावाहून आलं त्या गावाने ओळखतात, तशी आम्हाला गावाची नावं. "घनसावंगी, हात. बदनापूर, हात." घनसावंगी म्हणजे माझी मैत्रीण. ती हॉस्टेलला राहायची. बदनापूर मी. "कसा आहे हात?" असं ते कधीच विचारायचे नाहीत. एकदा मी आपणहून म्हणाले, "मामा, हात एकदम चांगला आहे." ते म्हणाले, "पोतंवालाबी असंच म्हणतो."

लोखंडावरही त्यांचा भरवसा नव्हता. गावातल्याच एका भट्टीत ओतून घेतलेल्या वजनाच्या चकत्या होत्या. त्या सगळ्या एका रविवारी हातगाडीवर घालून ते मोंढ्यातल्या काट्यावर घेऊन गेले. परत आल्या तेव्हा ज्याच्यावर वीस कोरलं होतं तिच्यावर पांढऱ्या रंगात साडेएकोणीस लिहिलेलं, तिच्या जोडीदारणीवर वीस आणि पाव. "म्हणूनच घनसावंगी डावीकडं कलून राह्यली होती," ते म्हणाले. आम्ही इतके दिवस बिचारीच्या कमरेला दोष देत होतो.

मामांचा खरा संशय मात्र हातमोज्यांवर होता. मोजा म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. स्टीलच्या कारखान्यातला एक धट्टाकट्टा माणूस संध्याकाळी यायचा. तो एकदा कारखान्यातले जाड कातडी मोजे घालून बार उचलायला गेला. बार त्याच्या मोज्यात राहिला, पण मोजा त्याच्या हातात राहिला नाही. कुणाच्या पायावर पडलं नाही हे नशीब. मामांनी ते मोजे दारावर लटकवून ठेवले. नवीन कुणी आलं की तिकडे पेन्सिल दाखवून म्हणायचे, "हे गरम लोखंडासाठी. आपलं लोखंड थंड हाय."

मला मात्र मोजे हवेच होते, कारण आईने व्यायामाला परवानगी देताना एकच अट घातली होती. हाताला घट्टे पडता कामा नयेत. आई वडीगोद्रीकडची, शेतकऱ्याच्या घरातली. माहेरी असताना कापूस वेचून वेचून तिची बोटं खरखरीत झाली होती. तिला बघायला आले तेव्हा माझ्या आजीने, म्हणजे तिच्या होणाऱ्या सासूने, चारचौघांत तिची बोटं उलटसुलट करून बघितली होती. लग्न झालं, वडील तहसीलमध्ये कारकून, संसार चांगला चालला, पण ते उलटसुलट करणं आई विसरली नाही. रोज संध्याकाळी मी कणीक मळायला बसले की ती माझे हात बघायची. म्हणजे सकाळी मामा आणि संध्याकाळी आई. एवढी तपासणी जकात नाक्यावर ट्रकचीही होत नसेल.

मी मामांना आईची अट सांगितली. ते म्हणाले, "मोजा घ्यायचा तर बराबर घेऊ. दुकानदाराच्या तोंडाकडं बघून न्हाई." त्यांनी माझ्याकडे सुतळीचा तुकडा फेकला. बोटांच्या मुळाखालून, अंगठा सोडून, तळव्याभोवती मीच सुतळी गुंडाळली आणि मीच गाठ मारली. ती गाठ खिशात घालून आम्ही तिघं खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो, मी, घनसावंगी आणि मामा.

दुकानदाराने मध्यम मापाचे मोजे पुढे टाकले. मामा म्हणाले, "मध्यम म्हणजे कुणाचा मध्यम? तुमचा का हिचा?" मग मोजा उलटा केला. आतली शिलाई अंगठ्याने दाबून बघितली. बोटं मिटतात त्या घडीवर शिवण आली तर ती फोड आणणार, म्हणून तो जोड गेला. दुसऱ्याच्या तळव्यात बोटभर फोम. मामांनी तो चिमटीत धरला. "फोम म्हणजे फसवणूक. बार जाड होतो, बोटं पुरी मिटत न्हाईत, अन् माणसाला वाटतं आपली ताकद कमी पडली." तिसरा मला घालायला लावला आणि दुकानाचं शटर ओढायचा लोखंडी गज हातात दिला. "पीळ." मी पिळला. कातडं तळव्यावरून सरकलं. "ढिला." चौथा घालून बोटं फाकवायला लावली. बेचकं ओढलं गेलं. "तंग."

दुकानदार वैतागला. "मामा, तुम्हाला घ्यायचंय का तपासायचंय?"

"तपासल्याबिगर घेतलं असतं तर तुम्ही चहा पाजला असता."

नवव्या जोडीवर ते थांबले. पातळ कातड्याचा एकच थर, शिवण बाहेरून, मागे जाळी, बोटं अर्धी उघडी, मनगटाला पट्टा. मामांनी त्याचा वाससुद्धा घेतला. दुकानदाराने हात जोडले ते आनंदाने होते की सुटकेने, हे मला आजही सांगता येणार नाही.

मोज्यांना शेडमध्ये खिळे ठरलेले होते. प्रत्येकीचा खिळा वेगळा, मोजा उलटा करून वाळत घालायचा, दुसरीचा वापरायचा नाही. "तिचा घाम तुझ्या जखमेत कशाला?" आणि मोजे असले तरी आठवड्यातून तीनच दिवस. बाकीचे तीन दिवस उघड्या हाताने, खडूची पूड लावून. कारण स्पर्धेत मोजे चालत नव्हते. "मोज्यात वाढलेला हात ऐन वेळेला फाटतो," मामा म्हणायचे. घट्टा येऊ द्यायचा, पण उंच होऊ द्यायचा नाही. आंघोळीनंतर कातडी मऊ असताना वज्रीने हलकं घासायचं, मग थोडं करडईचं तेल. ब्लेड लावायचं नाही. बार तळव्याच्या मध्ये नाही, बोटांच्या मुळाशी धरायचा. हे सगळं त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. तीस वर्षं पोत्यांनी शिकवलेलं होतं.

खडूच्या पुडीचाही एक किस्सा आहे. एक दिवस सगळ्यांचे हात बारवरून सटकायला लागले. मामांनी डबा नाकाला लावला. अंगाला लावायच्या पावडरीचा वास! दोन दिवस व्यायामशाळेत येणाऱ्या प्रत्येकाचा वास घेतला गेला. संध्याकाळच्या दोन मुलांची उलटतपासणी झाली. तिसऱ्या दिवशी कळलं की डबा धुवायला घरी नेला होता, तेव्हा मामींनी त्याच्याऐवजी आपला रिकामा झालेला पावडरचा डबा दिला होता. मामांनी त्या दोन मुलांना बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माझ्या घरची. तुमच्यापेक्षा माझ्यावरच लक्ष ठेवायला पाहिजे होतं." माफी मागतानासुद्धा संशयच. पण मागितली.

दिवाळीनंतर मोंढ्यात माल भरला आणि मामांना सकाळी शेडवर थांबता येईना. किल्ली घनसावंगीकडे दिली. आमचा आम्ही व्यायाम करायचा, मामा साडेआठला घाईत येऊन फक्त हात बघून जायचे. आणि इथे मी घाण केली.

उघड्या हाताच्या दिवसांतही मी मोजे घालायला लागले. आईच्या धाकाने. तळवे मऊ राहिले की घरी शांतता. पण मामांना मऊ तळवे दाखवून चालणार नव्हतं. मग मी एक शक्कल काढली. आमच्या दारात हापसा होता. मी संध्याकाळी घरी गेले की हापसायला लागायचे. पंधरा-वीस कळशा. घरातली पिंपं भरली की शेजारच्यांची. हात लाल व्हायचे, चार दिवसांनी फोड आले, मग कातडी जाड झाली. आईला आधी संशय आला, की ही न सांगता पाणी का भरते. पण पाणी भरून फोड आलेला तिला चालत होता. लोखंडाने आलेला चालत नव्हता. हापसाही लोखंडाचाच, हे तिच्या मनात आलं नाही, मीही आणून दिलं नाही.

तीन आठवडे निभावलं. "उघड्या हाताने केलंस?" असं मामांनी त्या काळात एकदाच विचारलं. मी म्हणाले, "हो मामा." घनसावंगी खाली बघून बुटाची नाडी बांधत राहिली.

मग एका शनिवारी मामांची पेन्सिल माझ्या तळव्यावर थांबली. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली.

"बदनापूर, तुमच्याकडं पाणी लई लांबून आणतात का?"

"न्हाई मामा. दारातच हापसा आहे."

"दिसून राह्यलं." पेन्सिलीचं टोक हवेत फिरलं. "बार इथं बसतो, बोटाच्या मुळाशी. तिथं तर कातडी लोण्यावानी हाय. अन् हे इथं, मधोमध. अन् हे आंगठ्याच्या बेचक्यात. बार कुणी बेचक्यात धरतं का?"

  मामांनी पेन्सिल कानावर ठेवली.

"मोंढ्यात रोज बघतो मी. वर चार दाणे चांगले, आत माती. त्याचं काही वाटत न्हाई. पण ती पोती मला मामा म्हणत न्हाईत."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मोंढ्यात निघून गेले. सोमवारी आले तेव्हा म्हणाले, "घनसावंगी, हात." तिचे बघितले. मग तिसरीचे, चौथीचे. मी खोक्यावर हात ठेवून उभी होते. माझ्या हातांवरून पेन्सिल सरळ पुढे गेली, जणू तिथे खोकंच आहे, हात नाहीत. मंगळवारीही तेच. बुधवारीही. मला तोपर्यंत कळलं नव्हतं की त्या माणसाने संशय घेणं म्हणजे आपण त्याच्या हिशेबात असणं. ज्याला तो तपासत नाही, त्याला त्याने सोडून दिलेलं असतं.

त्या रविवारी दुपारी आमच्या दारात मामा उभे. जालन्याहून पॅसेंजरने आले होते आणि परतीची गाडी नक्की आहे ना, हे स्टेशनवर तिघांना विचारून आले होते.  आता हे आईला सगळं सांगणार, आणि आपला व्यायाम आजपासून बंद. मी चहा टाकायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि दाराआड कान देऊन उभी राहिले.

मामा आईला म्हणाले, "ताई, स्पर्धेत मोजे चालत न्हाईत. उघड्या हातानं करावं लागंल. घट्टे येतील. चालत असंल तर हो म्हणा, नसंल तर आजच न्हाई म्हणा. मी पोरीचं नाव काढून टाकतो."

आई म्हणाली, "मोजे चालत न्हाईत, हे कुठं लिहिलंय?"

मामांना हा प्रश्न मनापासून आवडला असणार. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. खेळाच्या सरांच्या तोंडी सांगण्यावर त्यांनीही विश्वास ठेवलेला नव्हता, नियम लिहून घेतला होता. आईने कागद वाचला, उलटून मागची कोरी बाजू वाचली, परत पुढची वाचली.

"घट्टे नंतर जातात का?"

"जातात. काळजी घेतली तर." मामांनी आपले दोन्ही तळवे पुढे धरले. "तीस वर्षं पोती उचलली. बघा."

आईने दुरूनच बघितले. मीही दाराआडून बघितले. इतक्या दिवसांत आमचे हात बघणाऱ्या माणसाचे हात मी पहिल्यांदाच बघत होते. स्वच्छ, सपाट, कुठे भेग नाही. आईने कागदाची घडी घातली. मग आपली बोटं पदरात घेत म्हणाली, "करू द्या मंग. पण तुम्ही रोज बघत जा तिचे हात."

मामा म्हणाले, "चहा झाला असंल तर घेतो. गाडीचा टाइम झाला."

माझ्या खोटेपणाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. आणि रोज हात बघायच्या आईच्या सांगण्याला त्यांनी हो म्हटलं नाही, हेही मी ऐकलं.

स्पर्धेला दीड महिना होता. मी सहाही दिवस उघड्या हाताने केलं. घट्टे जिथे यायला हवेत तिथे आले. वज्री, तेल, सगळं सांगितल्याप्रमाणे. मामा पुन्हा सकाळी थांबायला लागले होते. बार कसा धरायचा, पाठ कशी ठेवायची, कितीचं वजन लावायचं, सगळं सांगायचे. फक्त हात बघायचे नाहीत. मी ते रोज खोक्यावर ठेवायचे आणि रोज उचलायचे. एकदा करंगळीखालची कातडी फाटली. मी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या खिळ्यावर, मोज्यांच्या शेजारी, कापडी चिकटपट्टीचं एक नवं बंडल अडकवलेलं होतं. मी घनसावंगीला विचारलं. ती म्हणाली, मी नाही. मामांना विचारायची हिंमत झाली नाही.

स्पर्धा औरंगाबादला होती. मोठा हॉल, दुसऱ्या जिल्ह्यांतल्या मुली, कडक चेहऱ्याचे पंच. जमिनीवरून बार उचलायचा माझा शेवटचा प्रयत्न राहिला होता. पंच्याण्णव किलो. तेवढं उठलं तर विद्यापीठाच्या संघात निवड, नाही तर बदनापूर. मामांनी आमच्यासमोरच बारच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या नजरेने मोजल्या. माझ्या आधी घनसावंगी जाणार होती. त्यांनी तिला थांबवलं, तिचे हात बघितले, "जा" म्हणाले. ती उचलून आली. मग माझं नाव पुकारलं.

मी त्यांच्यासमोर दोन्ही तळवे धरले. खोकं नव्हतं, म्हणून हवेतच धरले. मी म्हणाले, "मामा, बघा ना एकदा."

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं. कानावरची पेन्सिल कानावरच राहिली. म्हणाले, "जा, बदनापूर. उचल."

मी गेले. उचललं. तिन्ही पंचांनी ग्राह्य धरलं. परत आले तेव्हा घनसावंगी गळ्यात पडली आणि मामा पुढच्या मुलीच्या चकत्या मोजत होते. येताना एस.टी.त ते आमच्या दोन बाकं पुढे बसले होते. बदनापूर येईपर्यंत मी चार वेळा उठायचं ठरवलं. त्यांना विचारायचं होतं, की तुम्ही माझे हात बघितले नाहीत ते अजून रागावलात म्हणून, की आता बघायची गरज वाटली नाही म्हणून. माझा थांबा आला. मी "येते मामा" म्हणून उतरले. त्यांनी मागे वळून बघितलं, मग अर्धवट हात वर केला.

पुढे वर्षभर मी तिथे जात होते. त्यांनी माझे हात पुन्हा कधी बघितले नाहीत आणि मी पुन्हा कधी दाखवले नाहीत. आता विचारू, निकालानंतर विचारू, असं करत कॉलेज संपलं. मला पुण्यात शाळेवर नोकरी लागली. दोन वर्षांनी घनसावंगीचं पत्र आलं. मामा मोंढ्यात काट्याशेजारी बसल्या बसल्या गेले.

तेराव्याला आम्ही दोघी गेलो. मामींना मी पहिल्यांदाच भेटत होते. घनसावंगीने नाव सांगायच्या आतच त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तू बदनापूर का गं?"

मी मान हलवली.

"बदनापूरचे हात आता बघायचे न्हाईत, म्हणायचे."

मी लगेच विचारलं, "का बघायचे न्हाईत, मामी? रागानं का भरवशानं?"

मामींनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "ते न्हाई सांगितलं, बाई. मी बी न्हाई विचारलं. चहा घे, थंड होऊन राह्यला."

मी चहा घेतला. परतीच्या गाडीत घनसावंगीच्या शेजारी बसले, दोन्ही हात ओढणीखाली घेतले आणि बदनापूर येईपर्यंत रडले.